गारव्याला विटाळ नाही

‘घरचे आईसक्रीम’ आणि ‘घरची नानखटाई’ हे शब्दप्रयोग आपल्या तोंडी इतके रुळले आहेत, की त्यांतल्या ‘घरचे’ या विशेषणाकडे कुणी निरखून पाहत नाही. पाहिले तर ते थोडे चमत्कारिकच वाटेल. दूध घरचे, साखर घरची, आंब्याचा रस घरचा, हे कबूल. पण ज्याच्यावाचून आईसक्रीम होतच नाही तो बर्फ कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून यायचा. नानखटाईचे तूप घरचे, मैदा घरच्या डब्यातला, तूप फेसणारा तळहात घरचा. पण तिला जी आच लागते ती आपल्या चुलीत नव्हती, गावातल्या पाववाल्याच्या भट्टीत होती. उन्हाळ्याच्या सुटीतली ही दोन्ही कौतुके अर्ध्या वाटेवर उंबऱ्याबाहेरच्या माणसांना भेटून येत. आणि कुणाच्या हातचे पाणी चालते, कुणाच्या विस्तवावरचे अन्न चालत नाही, यावर जिथे माणसाची इभ्रत ठरत होती, तिथे हे भेटून येणे काही साधे नव्हते. पाकशास्त्राच्या पुस्तकांत ही हकीकत सापडत नाही. तिथे बर्फ किती आणि जाडे मीठ किती, एवढेच असते.

आधी बर्फाचे पाहू.

उत्तर हिंदुस्थानाला बर्फ अगदीच अनोळखी नव्हता. ‘ऐन-इ-अकबरी’त पाणी गार करण्याची सोऱ्याची कृती दिलेली आहे. शेरभर पाणी धातूच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद करायचे, अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकायचा आणि त्यात ती सुरई पाव तास हलवीत राहायचे. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो आणि आतले पाणी गार होते. १५८६ नंतर बादशहाचा मुक्काम लाहोरास असताना डोंगरातून खराच बर्फ येऊ लागला. अलाहाबादेकडे थंडीच्या दिवसांत खड्ड्यांतून उसाची चिपाडे अंथरून, त्यांवर उथळ मातीच्या परळांत उकळून निवविलेले पाणी रात्रभर उघड्यावर ठेवीत आणि पहाटे त्यांवर धरलेला पापुद्रा गोळा करीत. सर रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला हा सगळा प्रकार लिहून कळविला होता. ‘कुल्फी’ या शब्दाच्या मुळाशी कुलूप आहे. तोंड बंद केलेले धातूचे साचे, म्हणून ते नाव. पण हे सारे उत्तरेकडचे आणि बव्हंशी दरबारी वैभव. आपल्या कोकणात नि देशावर पहाटेचे दव पडते, बर्फ पडत नाही. आपल्याला गारवा माहीत होता तो माठाचा आणि वाळ्याचा.

मुंबईला बर्फ आला तो थेट अमेरिकेहून, गलबतातून. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मुले हसतात. मास्तरीणबाई कादंबरी सांगताहेत असे त्यांना वाटते. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या गृहस्थाने १८०६ साली वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर बर्फाचे पहिले जहाज नेले, तेव्हा त्याच्या गावानेही त्याला असेच हसून घेतले होते. बेटावरच्या लोकांना बर्फाचे करायचे काय तेच कळेना. तिथल्या एका बागवाल्या उपाहारगृहाच्या मालकाने तर या मुलखात आईसक्रीम होणेच शक्य नाही असे ठणकावून सांगितले. ट्यूडरने ते स्वतः करून दाखविले आणि पहिल्याच रात्री त्याची तीनशे डॉलरची विक्री झाली. तरीही त्या फेरीत त्याला खोटच आली. पुढची पंचवीस वर्षे कर्ज, तुरुंग, पुन्हा धंदा, पुन्हा कर्ज, असा त्याचा क्रम चालू राहिला.

त्याच्या धंद्याचा खरा पाया घातला तो लाकडाच्या भुशाने. हिवाळ्यात बॉस्टनच्या आसपासची तळी गोठत. घोडे जुंपून बर्फावर नांगरासारखे हत्यार फिरवायचे, चौकोनी लाद्या कापायच्या, आणि लाकूडगिरण्यांत फुकट पडलेला भुसा लाद्यांभोवती दाबून भरायचा. मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी ते कलकत्त्यास लागले, तेव्हा सुमारे शंभर टन शिल्लक होता. गव्हर्नर जनरल बेंटिंक इतके खूश झाले, की त्यांनी ट्यूडरच्या माणसाला चांदीचा पेला नजर केला.

लवकरच मुंबईचीही पाळी आली. १८४३ साली मुंबईत स्वतंत्र बर्फखाना बांधला गेला. आज लायन गेटसमोर कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, त्या परिसरात तो होता. मुंबईचा बर्फखाना गेला; मद्रासचा मात्र अजून उभा आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद त्या इमारतीत राहिले म्हणून ती आता त्यांच्या नावाने ओळखली जाते. अमेरिकन बर्फाच्या त्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट मुंबईच्या जुन्या इतिहासकारांनी नोंदविली आहे. जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आईसक्रीम दिले. यजमान आणि पाहुणे दोघांनाही पडसे झाले, आणि ‘मुंबई समाचार’ने परक्या देशाची वस्तू खाल्ल्याची ही योग्यच शिक्षा, अशा थाटात ती बातमी छापली. आईसक्रीम आणि सर्दी यांची सांगड आपल्याकडे किती जुनी आहे ते यावरून कळावे. आज कैरीएवढ्या पोराला आईसक्रीम नाकारणारी आई नकळत १८३०च्या दशकातल्या एका वर्तमानपत्राचाच कित्ता गिरवीत असते.

पण पडसे हा आक्षेप वरवरचा. खरा प्रश्न पाण्याचा होता. आपल्याकडे शिवाशिवीच्या बाबतीत पाण्याइतकी हळवी वस्तू दुसरी नाही. धान्य पाण्यात शिजले की ते खरकटे होते. तेच तुपात तळले किंवा दुधात भिजवले तर निवाडा सौम्य होतो. बर्फ म्हणजे तर निव्वळ पाणी. तेही कुणाचे? हेन्री थोरोने ‘वॉल्डन’ या १८५४ च्या पुस्तकात, आपल्या झोपडीजवळच्या तळ्यातून १८४६-४७ च्या हिवाळ्यात बर्फ कापून नेत असताना, हे पाणी मद्रास-मुंबई-कलकत्त्याचे तहानलेले लोक पितील अशी कल्पना करून मोठा आनंद मानला आहे. मुंबईच्या श्रीमंत पेढीवाल्याच्या सरबतात जो खडा पडे तो कुठल्या तळ्यातला, कुठल्या मजुराने कापलेला, कुणी खांद्यावर वाहिलेला, हे विचारण्याची सोयच नव्हती. सोय नव्हती म्हणून कुणी फारसे विचारले नाही. महाग वस्तूला जात विचारताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. उलट महाडच्या चवदार तळ्याचे पाणी गावातले, समोरचे, फुकटचे. नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि मागाहून शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. तोवर मुंबईत लोक परक्या बर्फाचे पाणी पिऊ लागल्याला ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती. हे दोन सन मी शेजारी शेजारी लिहिते तेव्हा मला आईसक्रीमच्या इतिहासात फार गंमत उरलेली दिसत नाही.

मुंबईत बर्फखाना झाला त्याच साली, म्हणजे १८४३ च्या सप्टेंबरात, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवायच्या आईसक्रीम यंत्राचे पेटंट घेतले. लाकडी बादली, आत धातूचा डबा, डब्यात पाते, वर दांडा. आपल्याकडे ज्याला नुसते ‘पॉट’ म्हणतात, तो मुळात हाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत यंत्राने बर्फ करण्याचे कारखाने निघाले. कलकत्त्यात बेंगॉल आईस कंपनी १८७८ ची. अमेरिकेचा बर्फ बंद पडला. मग हळूहळू जिल्ह्याच्या गावांपर्यंत बर्फ पोचला आणि त्याच्या मागोमाग पॉटही. तो घरोघर होता असे मात्र कुणी समजू नये. आमच्या कृष्णाकाठच्या गावात आळीत मिळून एक पॉट होता, आणि मे महिन्यात त्याच्या पाळ्या लागत.

पॉटचे शास्त्र साधे, पण सोऱ्याच्या शास्त्राहून सरस. नुसता बर्फ शून्य अंशाखाली जात नाही आणि गोड दूध शून्याला गोठत नाही. बर्फात मीठ मिसळले की तो शून्याच्याही खाली वितळू लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातल्या दुधाकडून काढून घेतो. प्रमाण नेमके जमले तर हे मिश्रण उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते. घरी इतके जमत नसे आणि जमायची जरूरही नसे. तीन वाटे बर्फ आणि एक वाटा खडेमीठ, थरावर थर. बारीक मीठ चालत नाही. ते झटकन विरघळून तळाला बसते. (या खडेमिठावर सरकारचा कर होता, आणि मे १९३० मध्ये त्यापायी आपल्या शिरोड्याच्या मिठागरात लोकांनी डोकी फोडून घेतली, हेही पॉट फिरवताना कधी आठवावे.) दूध आटवून आदल्या रात्रीच गार करायचे. रस आधी घालायचा नाही, नाहीतर आंबटपणाने दूध फाटते. ते थोडे घट्ट झाल्यावर झाकण उघडून घालायचा. झाकण उघडताना कडेचे मीठपाणी एक थेंबभर आत गेले, की सगळ्या आळीचा विरस. दांडा आधी लहान मुले फिरवीत, मग मोठी, शेवटी तो जड झाला की पुरुषमाणूस. आणि बादली सरकू नये म्हणून वर गोणपाट टाकून त्यावर एखाद्या वजनदार मुलाला बसवीत.

माझी आजी सोवळ्यातली. चहाची कपबशी तिने जन्मात तोंडाला लावली नाही. पण पॉटमधले आईसक्रीम ती वाटीभर खाई. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या काकाने एकदा तिला डिवचले, “आई, बर्फ कुणी केला, कुणी वाहिला, काही चौकशी?” आजी शांतपणे म्हणाली, “अरे, बर्फ डब्याच्या बाहेर, दूध आत. आत येतो तो नुसता गारवा. गारव्याला कसला रे विटाळ?”

तेव्हा सगळे हसले. पुढे इतिहास वाचू लागले तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला उमगला. आजीचा हा निवाडा एकटीचा नव्हता. भट्टीच्या बाबतीतही बायकांनी तोच निवाडा केला होता, आणि तिथे प्रकरण बर्फापेक्षा फार जास्त पेटलेले होते.

पाव ही आपल्याकडे नुसती खायची वस्तू नव्हती. ती धर्माची सीमारेषा होती. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर पाव आला, खमिराऐवजी माडाच्या सुरेने पीठ फुगवण्याची युक्ती निघाली, आणि पाव खाणे म्हणजे किरिस्ताव होणे अशी समजूत घट्ट बसली. मुंबईत १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या स्नेह्यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडणे हा तिचा हेतू, आणि सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती भटारखान्यातला पावाचा तुकडा खाणे ही तिची दीक्षा. पण हे सारे दाराला कडी लावून. पुढे सभासदांची यादी चोरीला गेल्याची आवई उठली आणि सभाच विस्कटली. पावाच्या तुकड्यापेक्षा यादीचे भय मोठे ठरले.

त्यानंतर चाळीस वर्षांनी पुण्यात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी हजर होती. कुणी चहा घेतला, कुणी आपण तोंडाला लावला नाही असे मागाहून सांगितले. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली, आणि गावात ग्रामण्य माजले. शंकराचार्यांचे कमिशन बसले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांच्या घरच्या अडचणी पाहून प्रायश्चित्त घेतले. त्याने आपले मन किती दुखावले ते रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. इतिहासात हे ‘चहाचे प्रकरण’ म्हणून प्रसिद्ध आहे. बिस्किटांचे नाव कुणी घेत नाही. पण चहा निदान उकळलेला होता. बिस्कीट तर मिशनच्या मेजावरचे, कुणाच्या भट्टीतले कोण जाणे.

अशा या प्रांतात नानखटाई घरात शिरली कशी?

ती आली सुरतेकडून. डच वखारीतली भट्टी वखार आवरल्यावर फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थाकडे आली. गोरे गिऱ्हाईक आटले तेव्हा त्यांनी देशी लोकांना आवडेल असा, सुरा नाही अंडे नाही, असा प्रकार काढला, अशी कथा सुरतेत सांगतात. ‘नान’ म्हणजे फारसीत भाकरी; ‘खताई’विषयी पंडितांत एकमत नाही आणि ते होईपर्यंत आपण थांबण्याचे कारण नाही. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. नानखटाईच्या पिठात पाण्याचा थेंब नसतो. तूप, पिठीसाखर, मैदा आणि चिमूटभर सोडा. पाणी नाही म्हणून खरकटे नाही. माझ्या मते नानखटाईचा पासपोर्ट तो हाच. पावाचे पीठ पाण्याने मळलेले, सुरेने फुगवलेले, परक्या हाताने तुडवलेले. त्याला सोवळ्याच्या घरात वाट नव्हती. नानखटाईने तीनही आक्षेप दारातच चुकविले. पीठ घरी करायचे, घरच्या परातीत, घरच्या हाताने; भट्टीवाल्याकडून घ्यायची ती फक्त आच. गारव्याला विटाळ नाही, तसा उष्णतेलाही नाही.

भट्टीशिवाय भाजणे आपल्याला अगदीच अवगत नव्हते असे नाही. पाठारे प्रभूंच्या घरी भानोले खाली निखारे, वर झाकणावर निखारे ठेवून होतेच. पण पाच शेर नानखटाई निखाऱ्यांवर भाजायची तर सगळी सुटी त्यातच जाईल. पहाटेचा पाव काढून झाल्यावर भट्टीचा विटांचा घुमट तापलेला असतो. आचेचा जोर ओसरलेला आणि ऊब सारखी. नानखटाईला हवी ती नेमकी हीच मवाळ ऊब. म्हणून दुपारी घरोघरच्या पराती बेकरीकडे निघत. आमच्या गावची बेकरी मुसलमानाची, पुण्या-मुंबईत इराण्यांच्या. आई तूप फेसायला बसे ते पहाटे, उकाडा चढण्याआधी. पांढरे शुभ्र, हलके होऊन थेंब पाण्यात तरंगेपर्यंत तळहात थांबायचा नाही. मग मी आणि धाकटा भाऊ परात नि रिकामा डबा घेऊन जात असू. तिथेच ओट्यावर बसून गोळे वळायचे, चपटे करायचे, वर चारोळीचा दाणा दाबायचा. चाचा ट्रेमध्ये नावाची चिठ्ठी खोचीत. लांब दांड्याच्या फावड्याने ट्रे आत सरकवताना ते एकदाही हाताने गोळ्याला स्पर्श करीत नसत. त्यांना कुणी तसे सांगितले असेल असे मला वाटत नाही; त्यांना ते ठाऊक होते, एवढेच.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी नेहमी अडखळते. बायकांनी परंपरा न मोडता तिच्यात फट शोधली, आणि पुरुषांना सभा, दीक्षा, कमिशन आणि प्रायश्चित्त एवढे सोपस्कार करूनही जे साधले नाही ते परातीने सहज साधले, असे म्हणण्याचा मोह होतो. ते काही अंशी खरेही आहे. आजीने चाचांशी तूप महागल्याच्या, सुनेच्या बाळंतपणाच्या गप्पा मारल्या त्या नानखटाईच्या निमित्तानेच. एरवी त्या दोघांना एकमेकांच्या दारात उभे राहायला कारण नव्हते. “काकू, यंदा वेलदोडा कमी पडलाय हो,” असे सांगण्याचा अधिकार त्या गल्लीत फक्त चाचांना होता. पण फट शोधणारा भिंत पाडत नाही. भिंत आहे हे तो मान्यच करतो. आजी चाचांच्या भट्टीची ऊब घेत होती. त्यांच्या घरचे पाणी तिने कधी घेतले नाही. आणि ज्यांना गावच्या विहिरीवरही जाता येत नव्हते, त्यांच्या वस्तीतून बेकरीकडे परात जाताना मी पाहिली नाही. तिथे तेवढे तूपच नसे.

मग घराघरात फ्रीज आले, गॅसवरचे आणि विजेचे ओव्हन आले. आईसक्रीमला बर्फाची लादी लागेना, नानखटाईला भट्टी लागेना. ‘घरचे’ हा शब्द पहिल्यांदाच अक्षरशः खरा झाला. याच काळात आमच्या घरातली शिवाशिवही गेली. आईने चाचांच्या घरी ईदेचा शीरखुर्मा खाल्ला आणि आजीने, ऐंशीच्या घरात असताना, पाहून न पाहिल्यासारखे केले. मात्र चाचांकडे जायला आता कारण उरले नव्हते. बेकरी आजही आहे, त्यांचा नातू चालवतो. सुटीत अजून पाच-सहा घरच्या पराती येतात, बहुतेक जुन्या आळीतल्या. त्यांतल्या एकीवर माझ्या नावाची चिठ्ठी असते, आणि नातू ट्रे भरताना गोळे सरळ हाताने सारखे करतो.

पॉट मात्र आता फिरत नाही. डबा आणि दांडा शाबूत आहे, पण बादलीच्या फळ्या सुकून त्यांच्यात बोटभर फटी पडल्या आहेत. असली बादली आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवावी लागते. लाकूड फुगते, फटी मिटतात, आणि मगच तिच्यात बर्फ घालता येतो.